वीरगळ, नामपट आणि राजपत्र : मरणोत्तर सन्मानाच्या साधनांची चिकित्सा

सनदा, महजर, करीने, शकावल्या आणि बखरी यांची चिकित्सा कशी करावी, याविषयीं आपल्या संशोधकांत पुष्कळ चर्चा झालेली आहे. कागदाचा अस्सलपणा, शिक्क्याची ठेवण, शक व संवत्सर यांचा मेळ, लेखकाचा पक्षपात, या कसोट्या आतां सर्वपरिचित आहेत. परंतु रणांत पडलेल्या मनुष्याच्या पराक्रमाची जी नोंद त्याच्या मागें राजसत्ता, पलटण किंवा गांव करितें, तिच्याकडे साधन या दृष्टीनें क्वचितच पाहिलें जातें. वीराच्या स्मारकापुढें मस्तक नमवावें, त्यावरील अक्षरांची छाननी करूं नये, अशी समजूत याच्या मुळाशीं असावी. आमचें मत निराळें आहे. छाननीनें खऱ्या वीराचें कांहींच उणें होत नाहीं. ज्यांच्या पराक्रमाची नोंद करण्यास कोणी उरलेंच नाहीं, अशांचा हक्क मात्र छाननीवांचून दिसून येत नाहीं. हें मत कांहीं उदाहरणांनीं मांडण्याचा येथें विचार आहे.

उदाहरणें प्रथम सावित्रीच्या खोऱ्यांतील घेतों. भोराकडून घाट उतरून वरंध गांवावरून महाडास यावें. दक्षिणेस पोलादपूर, उत्तरेस माणगांव. डोंगरउतारावरच्या भातशेतीवर सर्व घराचें पोट भरेना, म्हणून येथील तरुण पूर्वीपासून दोन वाटांनीं बाहेर पडला : एक पलटणीची, दुसरी सावित्रीच्या पाण्यानें बाणकोटच्या खाडींतून समुद्राची. पहिल्या वाटेनें गेलेल्यांची नोंद बरीच सांपडते, दुसऱ्या वाटेनें गेलेल्यांची फार थोडी. हा फरक शौर्याचा आहे कीं साक्षीचा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

(१) कसोटी

कसोटी मीमांसकांनीं पूर्वींच घालून ठेविली आहे. वेदवाक्यांत विधि कोणता आणि केवळ स्तुतिपर वाक्य, म्हणजे अर्थवाद, कोणता हें निवडतांना त्यांनीं अर्थवादाचे तीन प्रकार मानिले. दुसऱ्या प्रमाणाशीं ज्याचा विरोध येतो तो गुणवाद; तेथें शब्दार्थ सोडून गौरवाचा आशय तेवढा घ्यावयाचा. दुसऱ्या प्रमाणानें जें आधींच सिद्ध आहे तेंच पुन्हां सांगणारा तो अनुवाद. आणि ज्यास दुसऱ्या प्रमाणाचा विरोधही नाहीं व आधारही नाहीं, तो भूतार्थवाद. बाधक प्रमाण पुढें येईपर्यंत त्याचा शब्दार्थ खरा धरावयाचा. रणवीराचें प्रशस्तिपत्र स्वभावतःच अर्थवाद आहे. तें खरें कीं खोटें असा ढोबळ प्रश्न न विचारतां, त्यांतील कोणतें वाक्य या तिहींपैकीं कोणत्या वर्गांत पडतें, असें विचारावें. पुष्कळसे वाद एवढ्यानेंच मिटतात.

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें नांव तानाजी मालुसऱ्यांशीं जोडलेलें आहे; तेथें त्यांची समाधि आहे. फेब्रुवारी १६७० मध्यें कोंढाणा सर झाला आणि त्या झुंजींत तानाजी पडले, याविषयीं वाद नाहीं. लोकांच्या तोंडीं मात्र या प्रसंगास एक मरणोत्तर सन्मान जोडलेला आहे : महाराजांनीं शोक करून किल्ल्यास त्या दिवसापासून सिंहगड हें नांव दिलें. आतां, एप्रिल १६६३ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रांत सिंहगड हें नांव आलेलें आहे. म्हणजे तानाजींच्या मृत्यूपूर्वीं जवळजवळ सात वर्षें तें चालत होतें. विरोध स्पष्ट आहे, आणि नामकरणाची कथा गुणवाद ठरते. तथापि ती टाकाऊ ठरत नाहीं. राजानें आपल्या पडलेल्या सरदारासाठीं काय करावयास हवें होतें, याविषयींची प्रजेची अपेक्षा तींत नोंदलेली आहे. किल्ल्याच्या इतिहासास ती उपयोगी नाहीं. लोकमताच्या इतिहासास आहे. आणि तानाजींचें शौर्य कथेवर अवलंबून नसल्यामुळें कथा गळाली तरी तें जेथल्या तेथें राहतें.

याच्या अगदीं उलट टोंकाचें उदाहरण महाड तालुक्यांतच आहे. आंबवडें या गांवास लोक फौजी आंबवडें म्हणतात, इतकी तेथील पलटणीची परंपरा मोठी. पहिल्या महायुद्धास या गांवांतून १११ माणसें गेलीं आणि त्यांपैकीं ६ रणांत पडलीं, अशी तेथील नोंद आहे. हिला अर्थवाद म्हणतां येत नाहीं. ही केवळ गणती आहे. एकीकडे नांव आहे आणि कथा वाढलेली आहे; दुसरीकडे आंकडा आहे आणि कथेचा मागमूस नाहीं. मरणोत्तर सन्मानाचीं सर्व साधनें या दोन टोंकांच्या मध्यें कोठें तरी पडतात.

(२) राजपत्र

आतां महाडाच्या शेजारच्या माणगांव तालुक्यांत जाऊं. तेथील पळसगांव हें नायक यशवंत घाडगे यांचें गांव. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनींत असतां १० जुलै १९४४ रोजीं ते इटलींत पडले. वय अवघें बावीस. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला, आणि त्याचा मजकूर २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटच्या पुरवणींत प्रसिद्ध झाला.

असा सन्मान मृतास मिळूं शकतो हेंच मुळीं उशिरां ठरलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. १८५६ सालीं हा क्रॉस सुरू झाला तेव्हां सनदेंत मृतांची सोय नव्हती. कोणी पराक्रम करून पडला तर, तो वांचता तर त्याची शिफारस झाली असती, एवढेंच छापीत. बोअर युद्धाच्या अखेरीस, १९०२ सालीं, ही प्रथा सैल झाली. १९०७ सालीं कांहीं जुन्या मृतांसही क्रॉस देण्यांत आले, त्यांत १८७९ च्या झुलू युद्धांत पडलेले दोन अधिकारी होते. आणि १९२० च्या सनदेंत मरणोत्तर सन्मानाचें कलम स्पष्ट शब्दांत घालण्यांत आलें. हिंदी शिपायास तर १९११ पूर्वीं या क्रॉसचा अधिकारच नव्हता. म्हणजे घाडगे यांचें नांव राजपत्रांत येण्यापूर्वीं दोन दारें उघडावीं लागलीं होतीं. तीं बंद असतां जे पडले त्यांच्या नांवापुढें क्रॉस नाहीं, याचें कारण नियमांत आहे. त्यावरून त्यांच्या शौर्याचें माप काढणें सर्वथा चूक होय.

राजपत्राच्या मजकुराचा सारांश असा. एका कंपनीनें शत्रूच्या बळकट ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांच्या हाताखालील तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि नायकावांचून सर्व जण ठार किंवा जखमी झाले. आपल्या सोबतीस कोणी उरलें नाहीं हें जाणूनही ते त्या ठाण्यावर धांवून गेले. प्रथम हातबाँब टाकून त्यांनीं मशीनगन व ती चालविणारा निकामी केला. नंतर आपल्या टॉमीगननें आणखी एकास मारिलें. काडतुसांची पेटी बदलण्यास अवकाश नसल्यामुळें बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्यानें ठार केलें. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातींत व पाठींत लागून, एकट्यानें जिंकलेल्या त्या ठाण्यांतच त्यांनीं प्राण सोडिला. शेवटीं धैर्य, निश्चय व कर्तव्यनिष्ठा यांची स्तुति आहे.

हा मजकूर लहान आहे, पण त्याचे तीन थर सहज सुटे करतां येतात. हातबाँब, टॉमीगन, उलटी धरलेली बंदूक, मेलेल्यांची संख्या, हा प्रत्यक्षाचा थर. सोबतीस कोणी नाहीं हें त्यांस माहीत होतें आणि पेटी बदलण्यास अवकाश नव्हता, हा अनुमानाचा थर. मृताच्या मनांत काय होतें हें कोणास दिसत नाहीं, तें त्याच्या कृतीवरून काढलेलें आहे. शेवटची स्तुति हा तिसरा थर. प्रत्यक्षाच्या थरास साक्षीदार कोण, हा प्रश्न येथें विचारलाच पाहिजे. त्याचें उत्तर मजकुरांतच आहे : तुकडींतील सर्व जण ठार झाले नव्हते, कांहीं जखमी होते, आणि ही तुकडी एका कंपनीचा भाग होती. ज्यांनीं पाहिलें ते वांचले, ठाणें आपल्या हातीं आलें, आणि तेथील प्रेतें मोजतां आलीं. या तीन गोष्टींवांचून हा मजकूर लिहिलाच गेला नसता.

याहून महत्त्वाचा मुद्दा एका शब्दाचा आहे. वीराच्या जखमा छातीवर असाव्या, पाठीवरची जखम हा कलंक, ही आपली फार जुनी कविपरंपरा. संस्कृत प्रशस्तींत काय किंवा पोवाड्यांत काय, नायकाच्या पाठीस गोळी लागली असें कोणी लिहिणार नाहीं. माहीत असलें तरी गाळील. राजपत्राच्या लेखकास या संकेताची ओळखही नसेल, किंवा असल्यास त्याची पर्वा नव्हती. त्यानें छाती आणि पाठ दोन्ही लिहिलीं. पाठभेदांच्या चिकित्सेंत जो पाठ लेखकाच्या सोयीचा नाहीं तो अधिक विश्वसनीय मानितात. तोच न्याय येथें लागू होतो. शिवाय ही जखम कलंक तर नाहींच, उलट कथनाची साक्ष आहे. जो शत्रूच्या ठाण्यांत एकटा शिरला त्याच्या पुढेंही शत्रु असतो आणि मागेंही. रांगेंत लढणाऱ्याच्या पाठीस लागलेली गोळी एक सांगते. शत्रूच्या मध्यें उभ्या असलेल्याच्या पाठीस लागलेली गोळी निराळें सांगते. या एका शब्दामुळें आम्ही हा सर्व मजकूर निःशंकपणें भूतार्थवादांत घालतों.

त्याचीं वैगुण्यें तितकींच स्पष्ट सांगितलीं पाहिजेत. मजकुरांत वीराचें गांव नाहीं, पित्याचें नांव नाहीं, आणि इटली या शब्दापलीकडे रणभूमीचें नांवही नाहीं. ती टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत होती हें इतर साधनांवरून लावावें लागतें. आपल्या जुन्या वृत्तिपत्रांत गोत्र, पिता, ग्राम आणि चतुःसीमा आल्यावांचून दान पुरें होत नसे. येथें एवढें मोठें दान देतांना प्रतिग्रहीत्याचा ग्राम राहून गेला आहे. ही उणीव नंतरच्या स्मारकांनीं भरून काढिली. माणगांवास तहसील कचेरीपुढें त्यांचा पुतळा उभा आहे, आणि तेथें यशवंत या नांवास लोकांनीं ‘राव’ जोडला आहे. इटलींतील कासीनो येथील स्मारकावर, ज्यांची कबर ज्ञात नाहीं अशा योद्ध्यांत, त्यांचें नांव आहे. आणि जुलै २०२३ मध्यें टायबरच्या खोऱ्यांतील मोंतोने या गांवीं त्यांच्या नांवानें एक सूर्यघटिका उभारण्यांत आली. आपण सर्व एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें वाक्य तिच्यावर आहे.

येथें संग्राहकांस एक इशारा देणें प्राप्त आहे. पुतळ्यावरील, स्मारिकेंतील आणि वृत्तपत्रांतील पराक्रमाचीं वर्णनें बहुतेक राजपत्रावरून उतरलेलीं असतात. मूळ पोथी एक आणि तिच्या दहा नकला असल्या म्हणजे अकरा साक्षी झाल्या असें आपण म्हणत नाहीं. तसेंच येथें म्हणूं नये. हे अनुवाद आहेत. त्यांचें मोल निराळ्या प्रकारचें आहे : परक्या देशांतील एका लहान गांवास एकोणऐंशीं वर्षांनंतर या मुलाचें नांव दगडावर कोरावेंसें वाटलें, हें इ. स. २०२३ चें प्रमाण आहे, १९४४ चें नव्हे.

(३) समुद्र

जमिनीवर पडलेल्याचें असें आहे. आतां दुसऱ्या वाटेकडे, म्हणजे समुद्राकडे वळूं.

समुद्रावर पडलेल्यांचें कोंकणांतील अतिशय जुनें स्मारक मुंबईजवळ बोरीवलीच्या एकसर गांवीं आहे. तेथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेलें आहे : वल्हीं मारणाऱ्यांच्या रांगा, एकामागून एक सरसावणाऱ्या नौका, पाण्यांत पडणारे योद्धे, आणि वरच्या थरांत त्यांचें स्वर्गारोहण. हें युद्ध कोणतें याविषयीं मतें भिन्न आहेत. कांहीं विद्वान् तें शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यामधील, म्हणजे सुमारें १२६५ चें मानितात. कांहीं दोन अडीच शतकें मागें नेतात. पहिल्या पक्षास हेमाद्रीच्या यादव-प्रशस्तीचा आधार घेतात. सोमेश्वरानें महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां समुद्रांतील वडवाग्नि बरा मानिला, अशा अर्थाचें तींत वर्णन आहे. राजा बुडाला एवढा भूतार्थ. अग्नीची तुलना हा गुणवाद. परंतु आमच्या प्रश्नाचा मुद्दा निराळा आहे. जिंकणाऱ्याच्या पंडितानें बुडालेल्या राजाचें नांव राखिलें. वल्हें हातीं घेऊन बुडालेल्यांचें नांव निश्चितपणें सांगेल असा लेख त्या दगडांवर आज नाहीं. चित्र आहे, पराक्रम आहे, नांव नाहीं.

मुंबईसच मस्जिद बंदराजवळ इंडियन सेलर्स होम ही खलाशांची वास्तु आहे. तेथें याच्या नेमकें उलट सांपडतें. पहिल्या महायुद्धांत मेलेल्या आणि समुद्रावांचून दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचें स्मारक तेथें आहे. दुसऱ्या महायुद्धाची नामावळीही तेथेंच असून तिची दुसरी प्रत चितगांवास आहे. या नामावळींत रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारें ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे सुमारें ६,००० नाविक आहेत. सारंग, टंडेल, सुखाणी, आगवाला, भंडारी, सर्व दर्जांचे लोक त्यांत आले. नांव आहे, पराक्रमाचा शब्द नाहीं. एकसरला कृति उरली आणि कर्ता गेला. मस्जिद बंदरास कर्ता उरला आणि कृति गेली.

असें कां व्हावें? समुद्रावर शौर्य कमी असतें असें कोणी म्हणणार नाहीं. कारण शोधावयास १९४२ सालच्या दोन घटना शेजारीं ठेवून पाहाव्या. ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं हिंदी महासागरांत रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगाल’ या लहान युद्धनौकेवर दोन मोठ्या जपानी सशस्त्र जहाजांनीं चाल केली. बेंगालच्या सोबतीस ‘ऑनडिना’ हें डच तेलवाहू जहाज होतें. दोन जपान्यांपैकीं एक, ‘होकोकू मारू’, बुडालें. बेंगाल झुंज देऊन बंदरास परत आली. तिच्या कप्तानास डी. एस. ओ. मिळाली आणि तिच्यावरील लोकांचे गौरव झाले. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनीं, १ डिसेंबर १९४२ रोजीं, तिमोर बेटाजवळ ‘आर्मिडेल’ ही ऑस्ट्रेलियाची युद्धनौका जपानी विमानांनीं बुडविली. बेंगाल आणि आर्मिडेल एकाच बाथर्स्ट वर्गाच्या, एकाच नमुन्यावर ऑस्ट्रेलियांत बांधलेल्या नौका. म्हणजे एका अर्थीं सख्ख्या बहिणी. एक परत आली, एक आली नाहीं. फरक एवढाच.

आर्मिडेलवर टेडी शीन नांवाचा टास्मानियाचा एक साधा नाविक होता; वय अठरा. नौका सोडण्याचा हुकूम झाल्यावर, पाण्यांत पडलेल्या सोबत्यांवर विमानें गोळ्या झाडीत असतां, तो माघारा फिरला. छातीस व पाठीस जखमा झालेल्या असून मागील तोफेस त्यानें स्वतःस बांधून घेतलें आणि नौका पाण्याखालीं जाईपर्यंत ती चालविली. नौकेवरील १४९ जणांपैकीं ४९ वांचले, आणि त्यांच्या सांगण्यावरून ही हकीकत जगास कळली. येथेंही छाती आणि पाठ, दोन्ही आहेत. घाडगे यांच्या राजपत्राविषयीं जें म्हटलें तेंच येथें म्हणावें.

या मुलास तत्काळ मिळाला तो खलित्यांतील नामोल्लेख, म्हणजे सन्मानांतील अगदीं खालची पायरी. पुढें त्याच्या नांवानें एका पाणबुडीचें नांव ठेविलें. २०१३ च्या चौकशींत त्यास व्हिक्टोरिया क्रॉस द्यावा अशी शिफारस झाली नाहीं; २०१९ मध्यें सन्मानविषयक अपील-न्यायाधिकरणानें ती केली; मे २०२० मध्यें सरकारनें ती नाकारिली; मग तज्ज्ञ-समिति नेमिली गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्यें राणीच्या मान्यतेनें क्रॉस मिळाला. पराक्रमापासून सन्मानापर्यंत जवळजवळ अठ्ठ्याहत्तर वर्षें गेलीं. सरकारच्या नकाराचें कारण चिकित्सकास विचार करण्याजोगें आहे : नवा सबळ पुरावा पुढें आलेला नाहीं, असें तें होतें. वरवर हें सावधपणाचें दिसतें. परंतु जुना पुरावा प्रथम नीट वाचलाच गेला नसेल, तर नवा पुरावा मागणें म्हणजे पहिल्या वाचकाची चूक दुसऱ्याच्या माथीं मारणें होय. पोथी तीच असते आणि शंभर वर्षांनीं तिचें बरोबर वाचन होतें, हा आपल्या क्षेत्रांतील नित्याचा अनुभव आहे. त्यासाठीं दुसरी पोथी सांपडावी लागत नाहीं.

शीनचीं ४९ माणसें वांचलीं म्हणून हा वाद तरी चालला. जें व्यापारी जहाज पाणतिराच्या एका घावानें सर्व माणसांसह बुडालें, त्याच्या आगवाल्यानें बायलरच्या खोलींत शेवटच्या क्षणीं काय केलें, हें कोण सांगणार? मस्जिद बंदराच्या नामावळींतील सहा हजारांत किती शीन आहेत, याचा निर्णय कोणत्याही न्यायाधिकरणास करतां यावयाचा नाहीं.

(४) अनुपलब्धीचा न्याय

येथें पुन्हां शास्त्राकडे यावें लागतें. एखादी वस्तु दिसत नाहीं म्हणून ती नाहीं, या अनुमानास आपल्या शास्त्रकारांनीं एक अट घातली आहे. वस्तु असती तर ती अवश्य दिसली असती, अशी परिस्थिति असेल तरच तिचें न दिसणें हें तिच्या अभावाचें प्रमाण. यास योग्यानुपलब्धि म्हणतात. उजेडांत भूमीवर घट दिसत नाहीं, म्हणून घट नाहीं, हें ठीक. अंधाऱ्या खोलींत घट दिसत नाहीं, यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. टायबरच्या खोऱ्यांत उजेड होता : पाहणारे वांचले, जागा हातीं आली, लिहिणारा अधिकारी होता, आणि नियमाचीं दारें उघडलीं होतीं. बुडत्या जहाजाच्या पोटांत यांपैकीं एकही गोष्ट नव्हती. म्हणून सन्मानपत्राचा अभाव हा पलटणीच्या बाबतींतही जपून वापरावयाचा पुरावा आहे, आणि नाविकांच्या बाबतींत तर तो पुरावाच नाहीं. आमच्या खोऱ्यानें समुद्रास दिलेल्या माणसांच्या नांवांपुढें पराक्रमाचा शब्द नाहीं, यावरून समुद्राविषयीं कळतें. माणसांविषयीं कळत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल. हा न्याय मान्य केला तर जो तो आपल्या आजोबास वीर ठरवील, आणि घरोघरच्या कथांस इतिहासाचें मोल येईल. ही भीति निराधार नाहीं. नामकरणाच्या कथा कशा वाढतात हें सिंहगडाच्या उदाहरणांत आपण पाहिलेंच. परंतु आम्ही कथा खऱ्या माना असें म्हणत नाहीं. त्या वर्गवार नोंदवून ठेवा असें म्हणतों. घरांतील वृद्धेनें सांगितलेली हकीकत दुसऱ्या कागदाशीं विरोधी असेल तर गुणवाद. छापील मजकुराचीच उजळणी असेल तर अनुवाद. आणि दोन्ही नसेल तर भूतार्थवाद म्हणून, कोणी, कोणापासून, केव्हां ऐकली याच्या टिपणासह ठेवावी. निर्णय आज होणें आवश्यक नाहीं. नोंद आज होणें आवश्यक आहे.

आवश्यक कशामुळें, हें या खोऱ्यांतील लोकांस सांगावयास नको. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत महाडची पेठ पाण्याखालीं गेली, आणि त्याच दिवशीं वरंधच्या बाजूचें तळिये गांव दरडीखालीं सांपडून कित्येक कुटुंबें नाहींशीं झालीं. मनुष्यहानीपुढें कागदांची गोष्ट काढणेंही जड वाटतें. तरी संग्राहकानें जाणलें पाहिजे कीं, येथील कौटुंबिक कागद राजदप्तरांत नाहींत. ते पेटींत, कणगीच्या आडोशास, देव्हाऱ्याच्या खालीं आहेत, आणि त्यांस प्रत दुसरी नाहीं. आपण एखाद्या जुन्या फडणिशी रुमालासाठीं चार कोस चालतों. परंतु त्याच घरांत फळीवर पडलेला पलटणीचा डिस्चार्जचा कागद अर्वाचीन म्हणून उचलून पाहत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या कागदांस आतां शंभरांवर वर्षें झालीं आहेत. ज्या वयाच्या कागदास आपण एरवीं हात जोडतों त्या वयास ते पोंचले.

तेव्हां काय पाहावें, तें थोडक्यांत सांगतों. शिपायाच्या घरीं डिस्चार्जचा कागद, पेन्शनचें बुक, पदकें व त्यांच्या कडेवर कोरलेला नंबर. पहिल्या महायुद्धांतील मृताच्या घरीं त्याच्या नांवाची काशाची चकती. खलाशाच्या घरीं त्याचें नोकरीचें पुस्तक, ज्यास खलाशी ‘नळी’ म्हणत. त्यांत जहाजांचीं नांवें आणि चढण्या-उतरण्याच्या तारखा असतात. जहाजाचें नांव व तारीख मिळाली म्हणजे तें जहाज कोठें व कसें बुडालें हें बाहेरच्या दप्तरांतून लावतां येतें, आणि मस्जिद बंदरच्या नामावळींतील एका मुक्या नांवास गांव, पिता आणि शेवटच्या प्रवासाची दिशा मिळते. राजपत्राच्या लेखकानें जो ग्राम गाळला तो आपण घालूं शकतों. शेवटच्या क्षणींची कृति आपल्या हातीं येणार नाहीं. पण कोणत्या अंधारांत ती झाली असेल, त्या अंधाराची चतुःसीमा तरी आंखतां येईल.

प्रत करतांना मूळ अक्षरें, शुद्धाशुद्ध जशीं असतील तशींच उतरावीं. नांवाच्या इंग्रजी लेखनांतील फरक दुरुस्त करूं नयेत, कारण दप्तरांत शोध त्याच चुकीच्या अक्षरांनीं लागतो. कागद मालकाच्या घरींच राहूं द्यावा. आणि सांगणारें माणूस वृद्ध असेल तर कागद नंतर पाहावा, आधीं त्याचें ऐकून घ्यावें.